अंगमेहनतीचे काम आणि धावण्याचा सराव : मुरगूड परिसरातील कष्टकरी धावपटूंसाठी मार्गदर्शन

धावण्याच्या सरावाविषयी जे मार्गदर्शन सर्वत्र आढळते, त्याचा बहुतेक भाग दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस गृहीत धरून लिहिलेला असतो, आणि अशा माणसाच्या बाबतीत धावणे हाच दिवसातील एकमेव श्रम असल्याने उरलेला सगळा वेळ विश्रांतीचा मानून वेळापत्रक आखले तरी फारसे बिघडत नाही. कागल तालुक्यातील मुरगूड आणि वेदगंगेच्या काठची आसपासची गावे येथील स्थिती मात्र याच्या उलट आहे. येथे पहाटे रस्त्यावर धावताना दिसणारा तरुण बहुधा गोठ्यातील शेणघाण आणि धारा उरकून आलेला असतो, आणि धावून झाल्यावर तो उसाच्या फडात, गवंड्याच्या हाताखाली किंवा कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीत पाळीवर जाणार असतो. अशा माणसाने छापील वेळापत्रक जसेच्या तसे उचलले, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याचा वेग वाढल्यासारखा वाटतो, नंतर तो थबकतो, आणि पुढे नडगी किंवा गुडघा दुखू लागून सरावच बंद पडतो. सरावाचे वेळापत्रक कामाच्या मापाने बेतावे, काम सरावाच्या मापाने बेतता येत नाही, ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने हे घडते.

या भागातील धावण्यामागे हौसेपेक्षा भरतीचा हेतू अधिक असतो, म्हणून त्या हेतूचे स्वरूप आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण असतात; त्यांपैकी २० गुण पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला, तर १०० मीटर धाव आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण असतात. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत पार केल्यास पूर्ण गुण मिळतात. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत पार करणाऱ्यास त्या चाचणीचे पूर्ण ६० गुण दिले जातात. हे निकष जाहिरातीगणिक बदलू शकत असल्याने चालू जाहिरात वाचणे आवश्यकच आहे. तरीही पोलीस भरतीत पूर्ण गुणांसाठी चारशे मीटरच्या मैदानावर पुरुष उमेदवाराला प्रत्येक फेरी साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंदांत आणि महिला उमेदवाराला पंचाऐंशी सेकंदांत घ्यावी लागते, एवढे गणित पक्के धरून चालता येते.

दिवसभर राबणाऱ्या शरीराला वेगळ्या व्यायामाची गरजच काय, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, आणि तो वरवर वाटतो तितका अडाणी नाही. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञाने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि कामातील हालचाल हृदयाला हितकारक असते हा समज तेथून दृढ झाला. पुढे अँड्रियास होल्टरमन या डॅनिश संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या समजाला एक महत्त्वाची मुरड घातली. फावल्या वेळेतील व्यायामाने आयुष्य वाढते, परंतु कामातील जड श्रमाने तसा लाभ होतोच असे नाही, उलट काही पाहण्यांत असा श्रम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण अधिक दिसते; या विसंगतीला शारीरिक श्रमाचा विरोधाभास असे म्हणतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात हा धोका सुमारे १८ टक्के अधिक असल्याचे दिसले. गरिबी, तंबाखू, अपुरे उपचार यांचा वाटा यातून पूर्णपणे वेगळा काढता येतो का, याविषयी तज्ज्ञांत वाद आहे आणि तो वाजवी आहे. परंतु होल्टरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली कारणे धावपटूच्या दृष्टीने मोलाची आहेत. कामातील श्रमाची तीव्रता हृदयाची क्षमता वाढविण्याइतकी नसते, मात्र तो तासन्‌तास चालतो. ओझे उचलताना आणि एकाच स्थितीत वाकून राहताना रक्तदाब वाढलेला राहतो. आणि थांबावे केव्हा, हे काम करणाऱ्याच्या हातात नसल्याने शरीराला सावरण्यास वेळ मिळत नाही. भांगलणाने किंवा उसाची मोळी वाहण्याने पाय चिवट होतात हे खरे, पण पाच मिनिटे धाप लागलेल्या अवस्थेत वेग टिकवून धरण्याची क्षमता त्यातून येत नाही. ती धावूनच कमवावी लागते.

कामाचा आणि सरावाचा भार एकाच मापाने मोजण्याची एक सोपी रीत आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रमाची जाणीव अंकांत सांगण्याची मोजपट्टी तयार केली, आणि अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर याने शून्य ते दहा अंकांची तशी पट्टी वापरून, जाणवलेल्या श्रमाचा अंक गुणिले मिनिटे, असा सरावभाराचा हिशेब रूढ केला. ही रीत खेळाडूंसाठी बनविली होती, मजुरांसाठी नव्हे. तरीही ढोबळ अंदाजासाठी ती कामालाही लावून पाहण्यास हरकत नाही. गवंड्याच्या हाताखाली आठ तास काम करणाऱ्याने दिवसाच्या श्रमाला ४ अंक दिला, तर ४८० मिनिटांचा भार १९२० होतो. त्याच दिवशी तो ४० मिनिटे सावकाश धावला आणि त्याला ३ अंक दिला, तर भार केवळ १२० भरतो. वेगाचा कठीण सराव ४५ मिनिटे केला आणि त्याला ८ अंक दिला, तरी तो ३६० च्या पुढे जात नाही. आता स्लॅब ओतण्याच्या दिवशी कामाचा अंक ४ वरून ५ झाला, तर एकट्या त्या बदलाने ४८० ची भर पडते, म्हणजे आठवड्यातील सर्वांत कठीण धावण्यापेक्षाही कामातील एका अंकाचा चढउतार मोठा ठरतो. यामुळे ज्या माणसाच्या कामाचे स्वरूप रोज बदलते, त्याने सोमवारी अमुक आणि गुरुवारी तमुक असा वारांवर बेतलेला सराव करणे निरर्थक आहे. आठवड्यात काय काय करायचे ते ठरवून घ्यावे, पण कोणत्या दिवशी करायचे ते कालचे काम कसे गेले आणि उद्याचे कसे असणार, यावर सोडावे. यासाठी एक वही पुरते: तीत रोज झोपेचे तास, कामाचा अंक, धावण्याची मिनिटे आणि पहाटे उठल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी एवढीच नोंद ठेवावी, आणि नेहमीपेक्षा नाडी सलग दोन-तीन दिवस पाच-सात ठोक्यांनी चढी लागली, तर धावणे बंद ठेवून झोप वाढवावी.

एक दिवस कठीण, पुढचा दिवस हलका, हे तत्त्व ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्या नावाने ओळखले जाते, आणि कष्टकरी धावपटूला ते किंचित बदलून घ्यावे लागते, कारण त्याचा हलका दिवस बहुधा हलका नसतोच. म्हणून आठवड्यातून तीन, फार तर चार दिवस धावावे आणि त्यांपैकी एकच दिवस कठीण असावा. सहा दिवस धावण्याची चढाओढ, जी भरतीच्या तयारीतील मुलांमध्ये विशेष दिसते, ती सोडून द्यावी. उरलेल्या दिवसांचे धावणे इतके सावकाश असावे की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे आणि धाप लागून शब्द तुटू नयेत. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड, ज्यांच्या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदके मिळविली, ते स्वतः जोड्यांच्या कारखान्यात काम करीत आणि दूधही पोहोचवीत. दीर्घ, सावकाश धावण्याचा भक्कम पाया घातल्याखेरीज वेगाचा सराव करू नये, हा त्यांचा आग्रह अशा राबत्या आयुष्यातील स्वतःवरच्या प्रयोगांतून तयार झालेला होता. १६०० मीटर हे अंतर लहान दिसत असले, तरी त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार-पंचमांश भाग शरीर प्राणवायूच्या साहाय्यानेच निर्माण करते, त्यामुळे हा पाया भरतीच्या उमेदवारालाही तितकाच लागतो. तो तयार होण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि जाहिरात निघाल्यावर सराव सुरू करणाऱ्यांच्या हाती नेमका एवढाच वेळ नसतो.

कठीण दिवसाचा सराव थोडक्यात असा असावा: दहा-पंधरा मिनिटे सावकाश धावून अंग तापवावे, मग चारशे मीटरच्या चार ते सहा फेऱ्या चाचणीत हव्या असलेल्या वेगाने घ्याव्यात, प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन मिनिटे चालत दम घ्यावा, आणि एखाद्या फेरीचा वेळ पहिलीपेक्षा तीन-चार सेकंदांहून अधिक घसरला तर तेथेच थांबावे. पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारून चौथीला नव्वद सेकंद घेणारे उमेदवार प्रत्येक मैदानावर दिसतात. त्यांच्यात दम कमी नसतो, दमाची वाटणी चुकलेली असते. हा सराव साप्ताहिक सुटीच्या किंवा बाजाराच्या दिवशी सकाळी करावा आणि उरलेला दिवस खरोखर मोकळा ठेवावा. सुटीच्या दिवशी लांब पल्ल्याची धाव आणि त्यानंतर घरची राहिलेली कामे, हा नेहमीचा क्रम कष्टकऱ्याला सर्वांत महागात पडतो.

कुस्तीची परंपरा असलेल्या या भागात तालमीचे उदाहरण लगेच पुढे केले जाते. मुरगूडच्या सदाशिवराव मंडलिक कुस्ती संकुलाने, विशेषतः महिला कुस्तीत, मोठे नाव कमावले आहे. मल्ल पहाटे रपेट मारतात, मग जोर-बैठका, मग लढती, आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत करतात, तेव्हा एकदा धावून दमणारा तरुण लेचापेचा ठरतो, असा हा युक्तिवाद असतो. त्यात एक गोष्ट निसटते. दोन मेहनतींच्या मधल्या वेळेत मल्ल जेवतो आणि झोपतो. ही झोप तालमीच्या शिस्तीचाच भाग असते, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची प्रथा पाडली, ती त्यांना पोटासाठी अन्य श्रम करावे लागू नयेत म्हणूनच. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे याचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा हा मुलगा सैन्यात गेला, सियाचीन आणि राजस्थानात त्याने नोकरी केली, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ देऊन त्याने रौप्यपदक जिंकले. परंतु त्याची खरी वाढ झाली ती लष्कराच्या क्रीडा व्यवस्थेत आल्यानंतर, जेव्हा धावणे हेच त्याचे काम बनले. कष्टातून वर आलेल्या माणसाचा गौरव करताना त्याला विश्रांती केव्हा मिळू लागली, हे पाहिले पाहिजे.

वर्षाची आखणी करताना या भागातील शेतीचे वेळापत्रक समोर ठेवावे. जुलैमध्ये भाताची रोपलावण असते, आणि चिखलात दिवसभर वाकून काम केल्याने कंबर व मांडीमागील स्नायू इतके थकतात की या काळात आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे सावकाश धावण्यापलीकडे काही करू नये; शिवाय वेदगंगेला पूर आला की २०१९ आणि २०२१ प्रमाणे रस्तेच बंद होतात. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा काळ, भांगलण असली तरी, तुलनेने मोकळा आणि हवामानानेही सोयीचा असल्याने पाया घालण्यास सर्वांत उत्तम. त्यानंतर सुगी येते, आणि सुगीच्या तीन-चार आठवड्यांत सराव घटवावा लागतो. नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत ऊसतोड चालते. ज्याच्या घरी ऊस आहे पण तोडणी बाहेरच्या टोळीकडे आहे, त्याला या थंडीच्या महिन्यांत वेगाचा सराव उत्तम साधतो. जो स्वतः टोळीत कोयता चालवतो, त्याची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे.

तोडणी करणाऱ्याने या काळात प्रगतीची अपेक्षाच ठेवू नये, असलेली क्षमता राखण्यावर समाधान मानावे. आणि ती राखणे वाटते त्यापेक्षा सोपे आहे. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या प्रयोगांत आठवड्यातून सहा दिवस सराव करणाऱ्यांचा सराव दोन दिवसांवर आणला, परंतु त्याची तीव्रता कमी केली नाही, आणि तरीही पंधरा आठवड्यांनंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे जिला सामान्य भाषेत दम म्हणतात ती, जवळपास टिकून राहिली. उलट दिवस तेवढेच ठेवून तीव्रता घटवली, तेव्हा ती घसरली. पंधरा आठवडे म्हणजे गळीत हंगामाचा बहुतेक काळ होय. तेव्हा तोडणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनच वेळा धावावे, प्रत्येक वेळी अर्ध्या तासाहून अधिक नाही, आणि त्यात शंभर-शंभर मीटरच्या पाच-सहा वेगवान धावा घ्याव्यात. रोज पाच किलोमीटर रखडत धावण्यापेक्षा यातून अधिक हाती लागते. याच हंगामात निपाणी–राधानगरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रंदिवस वर्दळ असते आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा वा चकाकणारी पट्टीही नसते, म्हणून अंधारात मुख्य रस्ता टाळून शाळा-महाविद्यालयाचे मैदान किंवा पाणंद निवडावी, आणि रस्त्यावरून धावणे भागच असेल तर वाहनांना सामोरे राहून उजव्या कडेने धावावे.

दिवसातील वेळ कामाच्या पाळीवर ठरते. पहिल्या पाळीला जाणाऱ्याने पहाटे चार वाजता उठून धावण्यापेक्षा कामावरून आल्यावर काही खाऊन, तासभर पडून, संध्याकाळी धावावे, कारण पहाटेच्या धावण्यासाठी कापलेली झोप कोणत्याही सरावाने भरून निघत नाही. दुसऱ्या पाळीच्या कामगाराला सकाळ मोकळी मिळते. त्याने सात तास झोप पूर्ण झाल्यावर आठ-नऊच्या सुमारास धावावे. रात्रपाळी सुटल्यावर तसेच मैदान गाठणे ही मात्र घातक सवय आहे, कारण पेंगुळलेल्या अवस्थेत पाऊल चुकते आणि उन्हात अंग तापल्यावर दिवसाची झोप लागत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी झोप काढून उठल्यावर, पाळीला निघण्यापूर्वी तीन-चार तास आधी सावकाश धावावे आणि वेगाचा सराव पूर्णपणे वगळावा. हाच नियम शेतीपंपाला रात्रीची वीज असल्यामुळे उसाला पाणी पाजण्यासाठी दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू आहे, जरी त्या जागरणाला कोणी पाळी म्हणत नसले तरी. शेत घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर परतताना हातात ओझे नसलेल्या दिवशी ते अंतर धावत पार करणे, हा वेळ वाचविण्याचा सर्वांत साधा उपाय ठरतो.

आहाराच्या बाबतीत या भागाचे खाणे मुळात चांगले आहे, कमी पडते ते प्रमाण आणि चुकते ती वेळ. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या, जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३४७० आणि ५५ किलोच्या स्त्रीला २७२० किलोकॅलरी लागतात. धावण्यासाठी दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६५ किलोचा माणूस आठ किलोमीटर धावला तर सव्वापाचशेच्या आसपास किलोकॅलरींची अधिक भर लागते, आणि चहा-बटरवर निघालेली सकाळ ती भरून काढू शकत नाही. प्रथिने, म्हणजे स्नायूंची झीज भरून काढणारा अन्नघटक, सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, दोन्ही वेळा डाळ किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ आणि भाकरी-भात एवढ्यांतून हा आकडा गाठता येतो, त्यामुळे डब्यातल्या महागड्या पावडरीवर मजुरी उडविण्याचे कारण नाही. घरी म्हैस असून सगळे दूध डेअरीला घालणाऱ्या कुटुंबाने सराव करणाऱ्यासाठी अर्धा लिटर मागे ठेवणे, हा त्या पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त सौदा आहे. धावून लगेच कामाला जायचे असेल, तर गूळ-शेंगदाणे किंवा केळी मैदानावरच खावीत. दुपारच्या भाकरीपर्यंत थांबू नये. भूक मारण्यासाठी तंबाखू-चुना लावण्याची सवय, निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या या भागात, धावणाऱ्यांतही आढळते. तंबाखूने भूक खरोखरच मरते, आणि नाडीही वाढते.

पाण्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे चूक झाल्यास नुकसान कायमचे होते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत, मधुमेह वा उच्च रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे मोठ्या संख्येने निकामी झाल्याचे गेल्या काही दशकांत आढळले, आणि उन्हातील अतिश्रम व वारंवार होणारे निर्जलीकरण हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे मानले जाते. तेथे पाणी, विश्रांती आणि सावली यांचे वेळापत्रक बांधून देण्याचे उपक्रम सुरू झाले आहेत. दिवसभर फडात घाम गाळून संध्याकाळी पुन्हा धावणारा माणूस हाच धोका वाढवीत असतो. त्यात अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळीची भर पडली, तर पाणी घटलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. धावता यावे म्हणून वेदनाशामक गोळी घेणे हे या संपूर्ण विषयातील सर्वांत वाईट काम आहे, आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे, गडद असेल तर त्या संध्याकाळी धावू नये. चहाच्या काढ्यासारखी तपकिरी लघवी होणे हे स्नायूंचे तंतू फुटून रक्तात उतरल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नुसते साधे पाणी अति प्यायल्यानेही रक्तातील क्षाराचे प्रमाण बिघडते, म्हणून मीठ घातलेले ताक, किंवा एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पेय जवळ ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हाला शरीर सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर अंतर आणि वेग दोन्ही आवरते घ्यावेत.

पायांची निगा हा दुर्लक्षित भाग आहे. फौंड्रीतील पोलादी टोकाचे बूट किंवा शेतातले गमबूट दिवसभर घातल्यावर त्यातून बाहेर पडलेला पाय ओलसर आणि सुजलेला असतो, त्यामुळे पाय धुऊन, कोरडे करून, किमान अर्धा तास मोकळे ठेवून मगच धावण्याचे बूट घालावेत. पावसाळ्यात पायाला जखम वा भेग असताना चिखलात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिस या, उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा धोका असतो. चिखलातील कामानंतर आलेला ताप आणि पोटऱ्यांचे तीव्र दुखणे हे सरावाचे दुखणे समजून अंगावर काढू नये. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता असते, आणि अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

महिला धावपटूंच्या बाबतीत वर सांगितलेल्या भारात घरकामाचा भार मिळवावा लागतो, आणि तो वहीत लिहिण्याची सवय कोणालाच नसते. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करावी. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर दम वाढविण्यासाठी अधिक धावणे व्यर्थ आहे, आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह घ्यावे आणि जेवणासोबतचा चहा बंद करावा, कारण चहा अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाही. मासिक पाळी सलग तीन महिने न येणे हे खाणे श्रमाला कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते, त्याला तंदुरुस्तीची खूण मानू नये.

चाचणीपूर्वीचे शेवटचे दहा दिवस अधिक सरावाने काही वाढवता येत नाही. त्या काळात वाढवता येते ती फक्त विश्रांती, आणि तीही घरच्यांच्या आणि मुकादमाच्या मदतीखेरीज मिळत नाही. या भागात एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबून काम भागविण्याची पैऱ्याची पद्धत अजून टिकून आहे. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी भरतीच्या मैदानात उतरणार आहे, त्या घराने भावकीत वा शेजाऱ्यांत पैरा ठरवून त्यांच्या वाटचे जड काम त्या दहा दिवसांपुरते दुसऱ्याकडे द्यावे आणि चाचणी झाल्यावर तो पैरा फेडावा. आणि ज्यांच्याकडे असे उमेदवार मजुरीला आहेत, त्या शेतकऱ्यांनी, ठेकेदारांनी आणि फौंड्रीतील पर्यवेक्षकांनी निदान शेवटच्या आठवड्यात त्यांना रात्रपाळी आणि ओझ्याचे काम देऊ नये.